मदत हवी आहे : वीज केंद्रातील कोळशाच्या धुळीत १९ वर्षे काम केलेल्या भावाचे निदान आणि त्याच्या कामाची नोंद

नमस्कार.

माझा मोठा भाऊ विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्रात १९ वर्षांपासून कंत्राटी कामगार आहे. त्याचे वय ४६ आहे. ही सगळी वर्षे त्याने कोल हँडलिंग प्लांटमध्ये, म्हणजे सीएचपीमध्येच काढली. आधी तो वॅगन टिपलरवर होता, मग क्रशर हाऊसला गेला, आणि गेली आठ वर्षे कन्व्हेयर बेल्टखाली सांडलेला कोळसा फावड्याने उचलून परत बेल्टवर टाकण्याचे काम करतो आहे. केंद्राचे व कंत्राटदारांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दादाचा गेटपास अजून चालू आहे आणि घर त्याच्याच पगारावर चालते.

मागच्या पावसाळ्याआधीपासून त्याला खोकला आहे आणि चढ चढताना धाप लागते. आमच्या घराच्या जिन्यावर तो सातव्या पायरीवर थांबतो, आणि कोणी पाहत असेल तर चपलेचा पट्टा नीट करत असल्यासारखा वाकतो. सकाळी पडणारा बेडका काळा असतो. दोन महिने कामावर गेला नव्हता, तेव्हाही त्याचा काळेपणा पूर्ण गेला नाही, आणि वहिनीला खरी भीती वाटली ती यामुळे.

एक्स-रे काढला, तेव्हा दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके दिसले. क्षयरोग असावा असे सांगण्यात आले. थुंकीच्या दोन तपासण्यांत जंतू सापडले नाहीत आणि सीबीनॅटचा, म्हणजे क्षयरोगाचे जंतू शोधणाऱ्या जनुकीय चाचणीचा, अहवालही निगेटिव्ह आला, तरीही एक्स-रेच्या आधारे सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले. चार महिने गोळ्या नियमित घेऊनही ना वजन वाढले, ना धाप कमी झाली. आपल्याकडे क्षयरोग इतका आहे की डॉक्टरांना तोच संशय आधी येणे मी समजू शकते. परंतु तीन ठिकाणी तपासणी होऊनही तू नेमके काय काम करतोस, हे एकानेही विचारले नाही, याचे मला फार दुःख आहे. त्याच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ एवढा एकच शब्द आहे.

ते काम कसे असते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिते. वॅगन टिपलर पन्नासहून अधिक टन कोळशाने भरलेली अख्खी वॅगन उचलून हॉपरवर उलटी करतो, आणि दादा सांगतो की पाण्याचे फवारे बंद असले तर त्या क्षणी समोरचा दिवासुद्धा दिसेनासा होतो. तिथून कोळसा क्रशरमध्ये, मग एका बेल्टवरून दुसऱ्या बेल्टवर आणि शेवटी बंकरमध्ये जातो. जिथे जिथे तो वरून खाली पडतो, तिथे तिथे धूळ उडते. मोठी भुकटी नाकात अडकते, पण चार मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि हे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. शिवाय आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे त्या धुळीत कोळशाबरोबर दगडमातीचा अंश आणि त्यातील सिलिकाही असते. दादाने बहुतेक वर्षे तोंडाला दुपट्टाच बांधला. कधीमधी कापडी मास्क मिळाला, तोही घामाने भिजला की श्वास कोंडतो म्हणून उन्हाळ्यात गळ्यातच राहायचा. तो बिडी ओढत नाही. खर्रा खायचा, तोही आता सोडला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हा क्षयरोग आहे, न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धूळ साठून होणारा फुप्फुसांचा आजार आहे, की दोन्ही आहेत, हे कोणत्या तपासण्यांनी ठरते, आणि त्या कोणाकडे करून घ्याव्यात? चालू असलेल्या गोळ्यांचे काय करावे?

दुसरा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती आणि तीत ‘कोळसा खाणकामगारांचा न्यूमोकोनिओसिस’ असे शब्द होते. माझा भाऊ खाणीत कधी उतरलेला नाही. मग तोच कोळसा, तीच धूळ असूनही केवळ नावामुळे तो यादीबाहेर पडतो का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे आता अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा, हेही मला उमगत नाही. १९ वर्षांत पाच कंत्राटदार बदलले आणि दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीचा एकही कागद त्याच्या हातात आलेला नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, भुसावळ, एकलहरे अशा ठिकाणी काम केलेले कोणी किंवा त्यांच्या घरचे कोणी हे वाचत असतील, तर कृपया आपला अनुभव लिहावा.

प्रतिसाद :

ताई, मी डॉक्टर नाही, परंतु कारखान्यांतील सुरक्षा विभागात माझी बावीस वर्षे गेली आहेत. सर्वांत आधी, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात साठलेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून एक आजार आहे म्हणजे दुसरा नाही, असे धरता येत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनरोग विभागात जा, जुना एक्स-रे आणि थुंकीचे सगळे अहवाल सोबत न्या, आणि स्पायरोमेट्री (श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी) व एचआरसीटी (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) करण्याबद्दल विचारा. एक्स-रे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचून द्यावा, अशी स्पष्ट विनंती करा. त्या पद्धतीत ठिपक्यांचा आकार व दाटी प्रमाणित फिल्मशी ताडून लिहिली जाते, आणि ‘ठिपके दिसतात’ या मोघम वाक्यापेक्षा ती नोंद पुढे फार उपयोगी पडते. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था याच विषयावर काम करते.

खाणकामगार या शब्दाने खचून जाऊ नका. त्याच यादीत सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, स्वतंत्रपणे होता. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत तर सिलिकोसिस, अँथ्रॅको-सिलिकोसिस (कोळसा व सिलिका दोन्हींच्या धुळीचा आजार) आणि सिलिको-ट्युबरक्युलोसिस (सिलिकोसिससोबत क्षयरोग) यांपुढे ‘असा धोका असलेले सर्व काम’ असे लिहिलेले होते. तेथे खाणीची अट नव्हती. कंत्राटी कामगाराच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही, म्हणजे इथे वीज केंद्रावरही येते, हे त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये होते. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जात असेल, तर मात्र दावा त्या योजनेतून करावा लागतो, म्हणून पगाराच्या पावत्या आधी पाहा. आजार कळवण्याची डॉक्टरांवरील जबाबदारी नव्या संहितेतही कायम आहे.

कामाच्या पुराव्यासाठी भविष्य निर्वाह निधीचे पासबुक काढा. कंत्राटदार बदलले तरी प्रत्येकाने भरलेल्या रकमेची नोंद त्यात सापडते. जुने गेटपास जपून ठेवा. १९४८ च्या कायद्यातील कलम ४१-सी नुसार घातक पदार्थ हाताळणाऱ्यांची तपासणी जास्तीत जास्त बारा महिन्यांनी करणे आणि तिची नोंद कामगाराला पाहू देणे बंधनकारक होते. ती नोंद लेखी मागा आणि अर्जाची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या. त्या कायद्यात कोळशाच्या श्वसनयोग्य धुळीची (फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीची) कमाल मर्यादा, तिच्यात क्वार्ट्झ (सिलिकाचा स्फटिक) ५ टक्क्यांहून कमी असताना, प्रति घनमीटर २ मिलिग्रॅम अशी होती. क्रशर हाऊसमधील मोजणीचे आकडेही त्याच अर्जात मागा.

आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या जागी, किती तासांच्या पाळीत, तोंडाला काय बांधून काम केले, हे एका पानावर लिहून केसपेपरला जोडून द्या.

धागाकर्ती :

आपले मनापासून आभार. काल रात्री दादाजवळ बसून ते पान लिहिले. वॅगन टिपलरवरची सहा वर्षे त्याने महिन्यांसह सांगितली, कोणत्या पाळीला फवारे बंद असायचे तेही सांगितले, आणि इतकी वर्षे घरात कधी न काढलेला हा विषय तो दीड तास बोलत राहिला. पासबुकात तीन कंत्राटदार सापडले. उरलेल्या दोघांनी पैसे भरलेलेच दिसत नाहीत. त्या वर्षांसाठी सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रे चालतात का, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. मंगळवारी आम्ही श्वसनरोग विभागात जात आहोत. गोळ्या चालू ठेवल्या आहेत.