हवेच्या कयाकमधून बंदरात गळ टाकायचाय, दहेज बरं की उरण?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, गळ टाकायचा जुना नाद पण आजवर सगळं गोड्या पाण्यात, तेही तलावातच, कारण विश्वामित्रीत उतरलो तर मगर मलाच धरेल. मागच्या दिवाळीत दहा फुटी हवेची कयाक (फुगवून वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घेतली आणि आता डोक्यात जिताडा, म्हणजे खाडीतला तो मोठा मासा, बसलाय. दहेज इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरी. नाहीतर उरणला मावशीकडे मुक्काम करून मोरा बंदराच्या बाजूने उतरायचं. मोठी जहाजं दोन्हीकडे आहेत पण मी आपला कडेकडेने राहीन, चालेल ना? बायको म्हणते बाजारातून आणा आणि गप्प बसा.

खाडीवाला_मकरपुरा:
दादा, दहेज विसरा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरकडे दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी सहा तासांत वर आणि सहा तासांत खाली, त्या ओढीपुढे तुमचं वल्हं म्हणजे चमचा.

मी मूळचा उरणजवळच्या करंजाचा, नोकरीसाठी इथे बडोद्यात. उरणला उधाणाच्या दिवसांत (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) फरक साधारण साडेतीन मीटर, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, दीडच्या जवळपास. नवख्याने भांगालाच उतरावं. वेळ काढायला मोबाईल लागत नाही, आमचे म्हातारे तिथीची पाऊणपट करायचे, दशमीला दहाचे साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास भरती. अगदी मिनिटावर नाही येत पण मुंबईच्या आसपास चालतं (दहेजला हे लावू नका, तिथलं घड्याळ वेगळं). उजाडता सहाला उतरायचं, पाणी फिरायच्या आगेमागे जिवंत कोळंबी लावून गळ टाकायचा आणि नऊच्या आत बाहेर.

नऊच का म्हणतो ते ऐका. कॉलेजात असताना मी आणि चुलतभाऊ एक शिंगाळा लागला म्हणून "अजून एक" करत बसलो आणि बघता बघता होडीखालचं पाणीच गेलं. काठ दिसतोय समोर, फार तर दीडशे पावलं, पण पाय टाकला की गुडघ्याच्या वर चिखल, आणि चप्पल त्यात गेली ती गेलीच. साडेतीन तास उन्हात बसलो, पाण्याची बाटली एक, शिंगाळा तोंडाजवळ वास मारतोय. पुढची भरती आली तेव्हा सुटका.

आणि डोल जाळी (खुंटांना बांधून ओढीत पसरलेली पिशवीसारखी जाळी) लावलेली असतात ना, त्या खुंटांना होडी बांधायची नाही. कोळी शिव्या देतील ते सोडा, ओढीत होडी जाळ्यावर दाबली गेली की उलटते.

जहाजी_काका:
रावपुऱ्यातून लिहितोय, तीस वर्षं जहाजावर काढली. "कडेकडेने" म्हणजे कुठे हे आधी ठरवा. चॅनेलच्या, म्हणजे मोठ्या जहाजांच्या खोल वाटेच्या, लाल-हिरव्या बोयांच्या (तरंगत्या खुणांच्या) आत जायचंच नाही, बाहेरच्या उथळ पाण्यात राहायचं, तिथे मोठं जहाज येऊच शकत नाही. नियमही तसाच आहे, वीस मीटरपेक्षा लहान बोटीने चॅनेलमधल्या मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही.

ओलांडायचंच झालं तर हिशोब करा. चॅनेल समजा चारशे मीटर, तुम्ही तासाला पाच किलोमीटर, म्हणजे पाच मिनिटं. जहाज दहा नॉटने (तासाला साडेअठरा किलोमीटर) येत असेल तर तेवढ्यात दीड किलोमीटर कापतं. आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, नाकासमोरचं पाणी दिसत नाही बरं का, पाचशे मीटरपर्यंतचा आंधळा पट्टा नियमातच चालतो, तुमची कयाक त्यात असेल तर तुम्ही नाहीच. जहाज एकाच दिशेला दिसत राहिलं आणि मोठं होत गेलं तर ते तुमच्यावरच येतंय. भोंग्याचे पाच छोटे आवाज आले तर मासा सोडा आणि पळा.

नांगर पुढून टाकायचा, दोरी खोलीच्या पाचपट तरी, आणि दोरीच्या टोकाला तरंगणारा डबा बांधून ठेवा म्हणजे वेळ आली तर दोरी सोडून निघता येतं, डबा नंतर उचला. मी तर म्हणतो नांगर सांभाळता येत नसेल तर टाकूच नका.

जवाहर द्वीप (तेलाची जहाजं लागतात ते बेट), नौदलाची हद्द, न्हावाशेवाचे धक्के, यांच्या जवळपास फिरकू नका, फोटो तर नाहीच. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला चाललेल्या फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, दिवसाढवळ्या, केवढी माणसं गेली. तिथे रहदारी कसली आहे कळावं म्हणून सांगतोय.

लाइफ जॅकेट घालून बसायचं, खाली अंथरून नाही. तटरक्षक दलाचा नंबर 1554 आहे, फोन पाणी जाणार नाही अशा पिशवीत.

दांडियाबाजारकर:
काका, खाडीवाले, आभार. "मी नाहीच" वाचून पोटात गोळा आला. दहेज रद्द, चॅनेल ओलांडायचं पण रद्द, मावशीला फोन केला, दशमीला जातोय. आधार कार्ड जवळ ठेवू का? आणि काहीच लागलं नाही तर बायकोला काय सांगू?

खाडीवाला_मकरपुरा:
आधार ठेवाच, कुणी अडवलं तर उगाच वेळ जातो, आणि उतरताना जेट्टीवरच्या दोन कोळ्यांना सांगून जा कुठल्या बाजूला बसणार ते, नऊला दिसला नाहीत तर तेच पहिले शोधायला निघतील. वहिनींसाठी करंजातून मासा घ्या, पण गळाला लागला असं म्हणू नका, बर्फातल्या माशाचा डोळा पांढुरका पडतो, त्या लगेच ओळखतील.