'टॉप टेन सांगा'वाले प्रश्न बंद केले तर रडायचं काय?

सेमीकोलन: स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामरांच्या त्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, 'सगळ्यात भारी कोड लायब्ररी कोणती, यादी द्या' असं टाकलं की तासाभरात क्लोज, म्हणजे नवी उत्तरं बंद, आणि मग मॉडरेटर माजलेत म्हणून बोंब. माझ्या मते बरोबर करतात. असल्या प्रश्नाला साठ उत्तरं येतात, प्रत्येकात एक ओळ, त्यातली निम्मी तीच ती, आणि जो आधी येऊन नाव टाकतो त्यालाच मतं कारण खालपर्यंत वाचतंय कोण. एका मताला 10 गुण, म्हणजे नुसतं नाव टाकून शंभर मतं मिळाली की हजार झाले आणि इकडे रात्रभर बग शोधून लिहिणाऱ्याला दोन मतं!

टॅबवाला: हजार एका दिवसात नाही होत रे, मतांचे दिवसाला 200 च. आणि कम्युनिटी विकी केलं, म्हणजे उत्तर सगळ्यांच्या मालकीचं केलं, की गुणच नाहीत, मग पोटदुखी कसली? 3000 गुणवाल्या तिघांनी मतं टाकली की प्रश्न बंद, हे तिघे कोण ठरवणारे? 2008 चा तो सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेच्या लपलेल्या फीचर्सचा प्रश्न आठव, शुद्ध यादी. कॉलेजात त्यातूनच शिकलो मी. आता त्याला कुलूप लावलंय, पण पुसायची हिंमत नाही झाली कोणाची.

खडूस काका: कुलूप लावलं ते उगाच नाही. याद्या शिळ्या होतात, लिंका मरतात, आणि गुगलवरून माणूस तिथेच येऊन पडतो. साडीच्या दुकानात 'चांगली दाखवा' म्हटलं तर कपाट उतरवतील, लग्नाला हवी आणि बजेट पाच हजार म्हटलं की तीनच काढतील. तसं विचारा की. सॉफ्टवेअर सुचवायची वेगळी साइट आहेच त्यांची, तिथे आधी गरज सांगावी लागते.

भटकी: इंग्रजीत ढीग आहे म्हणून परवडतं हो हे. मराठी कोरावर (Quora, तीही प्रश्नोत्तरांचीच साइट) 'पाच किल्ले सांगा' विचारलं की नावं तीच येतात, सिंहगड राजगड तोरणा, मान्य, पण त्यातच एखादा पायथ्याच्या गुंजवणे गावाहून चोर दरवाज्याने राजगड कसा चढायचा ते नीट लिहून जातो आणि मराठीत ते दुसरीकडे पटकन सापडत नाही.

सेमीकोलन: मग प्रश्नच तो विचारायचा ना, गुंजवण्याहून पावसात जमेल का म्हणून. पाच किल्ले कशाला?

भटकी: अहो पण तो विचारायला आधी गुंजवणे हे नाव तर कानावर यायला हवं ना.