मदत हवी आहे: अल्झायमरमध्ये प्रायमिंग वाढतं कसं?

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी वाचतेय, एका ठिकाणी गाडी अडलीय. चर्टकाव, बब आणि सायडेनबर्ग यांच्या १९८९ च्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना ज्या शब्दांचे अर्थ धड सांगता येत नव्हते, नेमकं तिथेच प्रायमिंग (म्हणजे आधी संबंधित शब्द वाचल्यामुळे पुढचा शब्द लवकर ओळखता येणं) निरोगी वृद्धांपेक्षा जास्त दिसलं. उलटं व्हायला हवं ना?

एक स्पष्टीकरण असं, की पट्टे, आयाळ असे बारकावे आधी पुसले जातात. वाघ-सिंह जवळपास एकच होतात, म्हणून ‘वाघ’ वाचल्यावर ‘सिंह’ झटकन ओळखला जातो. पटतं. पण रुग्ण मुळातच सावकाश उत्तर देतात, त्यामुळे फरक नुसता फुगलेला दिसत असेल तर? विश्लेषणात मिलिसेकंदांतला फरक घ्यावा की टक्केवारी?

मराठी शब्दजोड्यांवर कुणी अशी चाचणी घेतली असेल तर प्लीज सांगा. पाठ्यपुस्तकी शब्द नकोत, सत्तरीच्या माणसांच्या रोजच्या तोंडातले हवेत.