मुलगी अर्धे दिवस माझ्याकडे असते, तरी पोटगी पूर्वीइतकीच?

आठवड्याचा_बाबा

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. देश मुद्दाम लिहीत नाही, ओळखीतले काही जण इथे वाचतात.

घटस्फोटाला तीन वर्षं झाली. मुलगी आता नऊची. निकालात ताबा आईकडे आणि माझ्याकडे एकाआड एक शनिवार-रविवार, असं ठरलं होतं. पोटगीची रक्कम तेव्हाचीच. एकही महिना चुकवलेला नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच येईल.

गेल्या जूनपासून आम्ही आपसांत बोलून एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे असं सुरू केलं. मुलीला ते मानवलंय. माझ्या घरी तिची खोली झाली, पलंग आला, टेबल आलं, गणवेशाचा दुसरा जोड, चष्म्याचाही दुसरा जोड. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी ती असेल त्या रात्रीला लाल गोल करतो. मोजून बघितलं, बरोबर निम्म्या रात्री. मग मी दर महिन्याला पैसे टाकतो ते नेमके कशाचे? तिची आईही नोकरी करते. पगार माझ्या साधारण निम्मा आहे.

वकील म्हणतात अर्ज करा. मित्र म्हणतो, अर्जबिर्ज कशाला, पुढच्या महिन्यापासून निम्मेच टाक. अनुभव असलेल्यांनी सांगावं.

फाटकं_पाकीट

मित्र बदला. :)

गंमत सोडा. तुमच्यात तोंडी काय ठरलंय ते कोर्टाच्या कागदाला माहीत नाही. कागदावर जुनी रक्कम आहे तोवर तुम्ही निम्मी भरलीत की उरलेली निम्मी थकबाकी म्हणून साठत जाते. अमेरिकेत तर १९८६ पासून कायदाच आहे, एकदा थकलेला हप्ता नंतर कोर्टालाही मागे जाऊन कमी करता येत नाही. फार तर अर्जाची नोटीस समोरच्याला गेली त्या तारखेपासून पुढचं बदलतं. भारतात थकवलेल्या पोटगीसाठी तुरुंगाची तरतूद आहे. मी स्वतः आठ महिने ‘आमचं बोलणं झालंय’ या भरवशावर कमी भरत होतो. बोलणं झालंही होतं. पुढे भांडण झालं, तेव्हा ते बोलणं कुणालाच आठवेना. फरक भरायला दीड वर्ष लागलं.

पूर्ण रक्कम भरत राहा आणि अर्ज आजच करा. उशीर तुमच्याच अंगावर येतो.

दोन_रकाने

मी समोरच्या बाजूची. म्हणजे आई, एक आठवडा इथे एक तिथे, गेली पाच वर्षं. पोटापाण्याला हिशेबाची नोकरी, त्यामुळे जरा लांबेल.

आधी तो पोटगी शब्द बाजूला ठेवा. आपल्याकडे बायकोची आणि मुलांची एकाच शब्दात कोंबलेली असल्यामुळे ‘तिला’ पैसे देतोय असं वाटत राहतं. इथे प्रश्न फक्त मुलीच्या खर्चाचा आहे, आणि तो दोघांच्या पगाराच्या प्रमाणात वाटायचा, रात्रींच्या नव्हे. रात्री नंतर येतात.

तुमचेच आकडे घेऊ. पगार २ ला १. समजा मुलीचा महिन्याचा खर्च १२० (चलन कुठलंही धरा). तुमचा वाटा ८०, तिचा ४०. मुलगी पूर्ण वेळ आईकडे असती तर तुम्ही ८० दिले असते. आता निम्मी निम्मी. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अशा वेळी मूळ खर्चाला दीडने गुणतात, कारण खोल्या दोन, पलंग दोन. तुम्ही म्हणता तेच. १२० चे झाले १८०. तुमचा वाटा १२०, तिचा ६०. मुलगी निम्मा वेळ समोरच्या घरी, म्हणून तुम्ही तिला १२० चे निम्मे ६० द्यायचे, तिने तुम्हाला ६० चे निम्मे ३०. वजावट करून तुमच्याकडून ३०. ऐंशीचे तीस झाले, शून्य नाही झालं. पगार सारखे असते तर झालं असतं.

सगळीकडे हेच गणित नाही. ब्रिटनमध्ये देणाऱ्याचंच उत्पन्न बघतात आणि रात्री मोजतात: वर्षाला ५२ रात्रींपासून सातवा हिस्सा कमी, १०४ पासून दोन सप्तमांश, असं चढत जातं, आणि रोजची देखभाल खरोखर समसमान असेल तर कुणीच कुणाला देणं लागत नाही. रात्री समसमान नव्हे, देखभाल. कॅनडात वर्षाचा ४० टक्के वेळ ही रेघ आहे, म्हणजे १४६ दिवस. रेघ ओलांडली की रक्कम आपोआप उतरते असं तिथेही पुष्कळांना वाटायचं. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपोआप काही होत नाही. दोन्ही घरांचा प्रत्यक्ष खर्च बघा, दोघांची ऐपत बघा. मूल चार दिवस जास्त तिकडे राहिलं म्हणून इकडचं घरभाडं कमी होत नाही. भारतात रात्रींचं कोष्टकच नाही, न्यायाधीश परिस्थिती बघून ठरवतात. पद्मजा शर्मा खटल्यात २००० साली सुप्रीम कोर्टाने कमावत्या आईलाही वाटा उचलायला सांगितला, आणि तिथेही प्रमाण २ ला १ च निघालं होतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागतात. तेव्हा अर्ज केलात की तुमच्याही पगाराच्या पावत्या टेबलावर येणार. तीन वर्षांत पगार वाढला असेल तर वजावट करण्याआधी मूळ आकडा वर जाईल, हे धरून चाला.

आता माझा अनुभव. आमच्याकडेही रात्री निम्म्या होत्या. तीन महिने मी वहीत दोन रकाने पाडून मुलाचा प्रत्येक खर्च लिहिला, तारखेसकट. अंथरूण, वीज, बस दोन्हीकडे सारखं. पण दाताचा डॉक्टर कायम माझ्याच आठवड्यात. बुटांचा नंबर वाढला की माझा आठवडा. वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसाच्या भेटी, सहलीचे पैसे, केस कापणं, हरवलेली पाण्याची बाटली (एका सत्रात चार!), सगळं माझ्या रकान्यात. मुलाच्या बापाचा काही डाव होता असं नाही. शाळेत पहिला फोन नंबर माझा होता, इतकंच. वही दाखवली तर तो बराच वेळ बाटल्याच मोजत बसला.

तुमच्याही रात्री निम्म्या आहेत हे मान्य. शाळेत पहिला नंबर कुणाचा आहे?

शनिवारी_जन्मलेला

वरचं गणित मस्त. मी बाप नाही, मुलगा आहे, आता सव्वीसचा. आमच्याकडेही कॅलेंडर होतं. शाळेची तीन रात्रींची सहल गेली तेव्हा त्या तीन रात्री कुणाच्या, यावर वकिलांची पत्रं झाली. मी तंबूत होतो हो! माझा खेळाचा बूट मात्र नेहमी चुकीच्या घरी.

बाबा, ते लाल गोल स्वयंपाकघरात असतील तर फोनमध्ये हलवा. बाकी तुमचं चालू द्या.

आठवड्याचा_बाबा

तीन आठवड्यांनी परत आलोय, कारण सांगायला तोंड नव्हतं.

पहिला नंबर तिचा आहे. बँकेचं स्टेटमेंट काढलं. माझ्याकडून पलंग आणि टेबल, एकदाच. तिच्याकडून जूनपासून शाळेची फी, दाताचा डॉक्टर, पोहण्याचा क्लास, दोन्ही चष्म्यांची तपासणी. मी जो दुसरा जोड म्हणून मिरवत होतो त्याची काचही तिनेच भरली होती, मी फक्त फ्रेम आणली. ‘मग मी पैसे कशाचे टाकतो’ याचं उत्तर तिथे ओळीने छापलेलं होतं.

पगारही वाढलाय. दोन_रकाने यांच्या पद्धतीने दोनदा मांडून बघितलं, एकदा जुन्या पगारावर, एकदा नव्या. नव्यावर रक्कम कमी होते, पण मला वाटली होती त्याच्या जवळपासही नाही. फी आणि डॉक्टर २ ला १ वाटले तर आणखी थोडी घटते. तेवढ्यासाठी अर्ज करायचा का, असं एक दिवस वाटलं. पण फाटकं_पाकीट म्हणतात तेही पटतंय. कागदावर अजून शनिवार-रविवारच आहेत, उद्या आमचं बिनसलं तर हा आठवडासुद्धा तोंडीच. म्हणून दोघांच्या सहीने संमतीचा अर्ज करतोय. आधी ताब्याचं वेळापत्रक, मग रक्कम, आणि फी-डॉक्टर-चष्मा यांचा वेगळा परिच्छेद. कोर्ट मान्य करेपर्यंत जुनीच रक्कम भरतोय.

कॅलेंडर उतरवलं. दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, मग आता मला कसं कळणार मी कुठे आहे? परत लावलंय. गोल आता ती स्वतः करते, हिरवे.

एकच राहिलं. चष्मा फुटला तर ज्याच्या घरी फुटला त्याने भरायचा का?

दोन_रकाने

नाही. तसं लिहिलंत तर फुटलेला चष्मा दप्तरात लपवून दुसऱ्या घरी पाठवला जाईल. मुलंच करतात हे, माझ्या घरी झालंय. २ ला १ च्या परिच्छेदात टाका, आणि पावती सात दिवसांत पाठवायची असं वाक्य घाला.