गिझर 15 लिटर की 25? (मालवण)

घरात आम्ही सहाजण. जुन्या गिझरची टाकी चार वर्षांत गळली. सध्या परसात नारळाची सोडणं जाळून हंडा तापवतो, पण आईला धूर सोसत नाही. विहीर खाडीलगत, मे महिन्यात पाणी मचूळ होतं. काय घेऊ?

— 25च घ्या. 2000 वॅटचा साधारण अर्ध्या तासात तापतो, युनिटभर वीज जाते. पण आतला मॅग्नेशियमचा रॉड बघत जा, टाकीऐवजी तो झिजतो. आमचा गेल्या वर्षी काढला तर खडूच्या तुकड्याएवढा उरलेला!

— दादा, व्होल्टेज किती येतं? 180 वर 2000चा जेमतेम 1200 वॅट देतो. अर्थिंगही तपासा, उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की ते नीट लागत नाही.

— रॉड? मेकॅनिकने कधी उघडलाच नाही! 25 ठरला. हंडा मात्र ठेवणार, गणपतीत वीस माणसं असतात.