कोरी स्ट्रिप म्हणजे संसर्ग नाही, असं नव्हे

गरोदर बाईच्या लघवीत संसर्ग आहे का हे पाहायला, कल्चरची (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याची) सोय नसेल तिथे लघवीत बुडवायची, रंग बदलणारी स्ट्रिप पुरते, असं एक मत आहे; ते मला निम्मंच पटलं. नायट्राइट हे रसायन जंतू लघवीत बनवतात; स्ट्रिपवरचा त्याचा चौकोन गुलाबी व्हायला लघवी मूत्राशयात साधारण ४ तास साठलेली लागते. गरोदर बाई तासातासाला जाऊन येते! शिवाय एन्टेरोकोकससारखे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत.

कल्चर शक्य नसेल तर स्ट्रिपपेक्षा जागेवरच ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं) करा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासतात तिथे मायक्रोस्कोप असतोच, रंग तेवढे मागवावे लागतील. नमुना मात्र मधल्या धारेचा आणि ताजा हवा. उपकेंद्रातून उन्हातान्हात आलेल्या बाटलीत जंतू वाटेतच वाढतात, आणि नसलेल्या संसर्गासाठी त्या बाईला अँटिबायोटिक सुरू होतं.