लायब्ररीच्या ब्लॅक फिल्म फेस्टिव्हलची शुक्रवार संध्याकाळ माझ्या गळ्यात पडली आहे. काय दाखवू?

कोपऱ्यातला

मंडळी, नमस्कार. न्यू जर्सीत राहतो, काम डेटाबेसचं. सिनेमाशी संबंध तिकीट काढण्यापुरता.

आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीने एक चर्च आणि कम्युनिटी सेंटर यांना सोबत घेऊन कृष्णवर्णीय स्वतंत्र दिग्दर्शकांच्या सिनेमांचा छोटा महोत्सव ठरवलाय. शुक्रवार ते रविवार, प्रवेश फुकट. मुलीला तिथे बुद्धिबळाला सोडायला जातो, तेव्हा खुर्च्या मांडायला मदत करीन म्हणून नाव दिलं होतं. समितीच्या प्रमुख बाई निवृत्त शिक्षिका आहेत, ऐंशीच्या घरातल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, यातलं तू काय पाहिलंयस? मी म्हणालो 'ब्लॅक पँथर'. त्या हसल्या नाहीत. "तो डिस्नेचा आहे," एवढंच म्हणाल्या आणि शुक्रवारची संध्याकाळ माझ्या नावावर लिहून टाकली. शिक्षा की विश्वास, अजून कळलेलं नाही.

शनिवारी आसपासच्या नव्या दिग्दर्शकांच्या शॉर्ट फिल्म्स आहेत, रविवारी चर्चमध्ये कुटुंबांसाठी कार्यक्रम. शुक्रवारी "जुनं काहीतरी, पण लोक पेंगणार नाहीत असं" हवंय. हॉल शंभर खुर्च्यांचा, माझ्या हातात 600 डॉलर. काय लावू? डीव्हीडी विकत घेऊन लावली तर चालते का? आणि सिनेमानंतर चर्चा मीच घ्यायची आहे. समितीत मी एकटाच देशी. तिथे उभं राहून मी काय बोलणार?

शंकेखोर

चर्चेचं सोडा, आधी मूळ प्रश्न. चांगला सिनेमा कोणीही काढला तरी चांगलाच असतो. मग दिग्दर्शकाच्या वर्णावरून वेगळा महोत्सव कशाला? भांडायला नाही, खरंच विचारतोय.

बूथवाली

शंकेखोर, तुमच्याकडे नंतर येते. आधी या भाऊंना मोकळं करू.

मी फिलाडेल्फियाजवळ असते. दिवसा एका दवाखान्यात हिशेब बघते आणि संधी मिळेल तेव्हा फेस्टिव्हलांच्या प्रोजेक्शन बूथमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करते. त्यामुळे माझा सल्ला बूथमधून दिसतो तसा, समीक्षकाचा नाही.

डीव्हीडी विकत घेतली म्हणजे घरी बघण्याचा हक्क मिळाला. लायब्ररीच्या हॉलमध्ये लोक बोलावून लावायची तर सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी वेगळी लागते, तिकीट असो वा नसो. स्ट्रीमिंगच्या खात्याचंही तेच. काही लायब्ररींकडे वर्षभराचा सरसकट परवाना असतो, पण तो बहुधा मोठ्या स्टुडिओंच्या सिनेमांपुरता, आणि तुम्हाला लागणारे सिनेमे नेमके त्याच्या बाहेरचे. घाबरू नका. वितरकाला ईमेल करा: हॉल किती माणसांचा, प्रवेश फुकट, आयोजक लायब्ररी. अशा आयोजकांसाठी त्यांचे दर सहसा वेगळे असतात. आणि हे शनिवारवाल्यांनाही सांगा: नव्या पोरांच्या शॉर्ट फिल्म्स दाखवणार असाल तर प्रत्येकाला थोडं का होईना मानधन द्या. "तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" या वाक्यावर कोणाचं घरभाडं निघत नाही.

आता सिनेमा. माझी पहिली पसंती चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप'. कत्तलखान्यात काम करणारा एक माणूस, त्याचं घर, त्याची थकलेली झोप, रस्त्यावर खेळणारी पोरं. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, बरंचसं शनिवार-रविवार गाठून चित्रित केलेला. यूसीएलए म्हणजे तिथल्या विद्यापीठातल्या पदवीसाठी केलेलं काम, 1977 मध्ये सादर झालं, खर्च 10,000 डॉलरपेक्षाही कमी. कृष्णधवल, सुमारे 80 मिनिटांचा. कथानक म्हणावं असं फार नाही, तरी हॉलमध्ये कोणी पेंगत नाही, कारण पोरं या छपरावरून त्या छपरावर उड्या मारतात तेव्हा शंभर माणसं एकदम श्वास आवरतात. घरी लॅपटॉपवर हे होत नाही.

या सिनेमाचं पुढे काय झालं तेही लोकांना सांगा. त्यात भरपूर जुनी गाणी आहेत आणि गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. विद्यार्थ्याकडे कुठून येणार पैसे? त्यामुळे तो थिएटरमध्ये लागूच शकला नाही. 1990 मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला, म्हणजे देशाने जपून ठेवावा असा ठरला, आणि तरीही तिकीट काढून बघायची सोय नव्हती! शेवटी हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले, यूसीएलएच्या संग्रहालयाने प्रत दुरुस्त केली आणि 2007 मध्ये तो रीतसर प्रदर्शित झाला. तीस वर्षांनी.

त्याआधी मॅडलिन अँडरसन यांचा 'आय ॲम समबडी' लावा, 1970 चा, अर्ध्या तासाचा माहितीपट. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये 1969 साली हॉस्पिटलच्या 400 कृष्णवर्णीय कामगारांनी संप केला, त्यात बहुतेक बायका. तुमच्या हॉलमध्ये तो संप आठवणारी माणसं निघतील. चर्चा सुरू करायला तुमची गरजच पडणार नाही.

पश्चिमवारा

एल.ए.वरून. इथला पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल 1992 पासून चालू आहे, अभिनेता डॅनी ग्लोव्हर संस्थापकांपैकी एक. तिथे सिनेमाइतकीच गर्दी बाहेर चित्रं, कापड, दागिने मांडून बसलेल्यांकडे असते, आणि लोक तासन् तास तिथेच गप्पा मारत थांबतात. तेव्हा हॉलबाहेर लोकांना टेकायला जागा ठेवा. चर्चा तिथेच होते, माइकवर नाही.

प्रास्ताविकासाठी एक सुचवतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. मराठी माणूस त्या मंचावर उभा आहे, यापेक्षा चांगली सुरुवात कोणती?

बूथवाली

पश्चिमवारा, माहिती सोन्यासारखी, जागा चुकीची. संध्याकाळ त्यांची आहे. पहिल्याच मिनिटाला "आमच्याकडेसुद्धा" सुरू केलं की समोरचे मान डोलावतात आणि मनातून उठून जातात. मी हे बूथच्या काचेतून पाहिलंय. फुले कॉफीच्या टेबलावर सांगा. प्रमुख बाईंना तर नक्की सांगा, शिक्षिका आहेत, खूश होतील. माइकवर सिनेमाचं नाव, वर्ष, दिग्दर्शक, लांबी, स्वच्छतागृह कुठे आहे. दोन मिनिटं. खाली बसा.

आता शंकेखोर. "चांगला सिनेमा चांगलाच" हे मान्य. पण तो चांगला आहे हे कळायला आधी कोणीतरी पडद्यावर लावायला हवा ना? कॅथलीन कॉलिन्स यांचं उदाहरण घ्या. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकवायच्या. 1982 मध्ये त्यांनी 'लूझिंग ग्राउंड' केला. नायिका तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका, नवरा चित्रकार, उन्हाळ्यात गावाबाहेर घर भाड्याने घेतात आणि संसाराची वीण उसवायला लागते. कोणी गोळ्या झाडत नाही, कोणी पोलिसांपासून पळत नाही. बाई पुस्तकं वाचते, विचार करते, हेवा करते, नाचते. थिएटरमध्ये तो लागलाच नाही. कॉलिन्स 1988 मध्ये गेल्या, वय 46. त्यांच्या मुलीने मूळ निगेटिव्ह सोडवून आणल्या, प्रत दुरुस्त करून घेतली आणि 2015 मध्ये सिनेमा अखेर लागला. कुठे? न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये, कृष्णवर्णीय स्वतंत्र दिग्दर्शकांच्या सिनेमांच्या एका मालिकेत. तुम्ही ज्याला "कशाला" म्हणताय, अगदी तसल्याच कार्यक्रमात.

हे आजचंही नाही. ऑस्कर मिशो शंभर वर्षांपूर्वी साउथ डकोटात शेती करता करता कादंबऱ्या लिहायचा आणि शेतकऱ्यांच्या दारोदार विकायचा. पहिल्या सिनेमासाठी भांडवल गोळा करताना त्याने त्याच शेतकऱ्यांना शेअर्स विकले. 1919 मध्ये सिनेमा काढला, पुढे सिनेमाच्या पेट्या घेऊन गावोगाव स्वतः हिंडला. त्याच्या 'विदिन अवर गेट्स' (1920) या मूकपटाची अमेरिकेत एकही प्रत उरली नव्हती, सापडली ती स्पेनमध्ये, स्पॅनिश पाट्यांसकट. जेसी मेपल यांनी 1981 मध्ये 'विल' केला, दाखवायला जागा मिळेना, तर नवरा-बायकोने हार्लेममधल्या स्वतःच्या घराच्या तळघरात थिएटर काढलं आणि इतरांचेही सिनेमे लावले. दिग्दर्शक हैले गेरिमांचा 'सांकोफा' (1993) वितरक घेईनात, तर त्यांनी स्वतः थिएटरं भाड्याने घेऊन गावोगाव चालवला. दिग्दर्शिका एव्हा ड्युव्हर्नेने 2010 मध्ये वितरणाची संस्था काढली तीच मुळी अशा छोट्या फेस्टिव्हलांना एकत्र बांधून, एकाच वेळी अनेक शहरांत सिनेमा लागावा म्हणून. पुढे त्याच संस्थेने 2021 मध्ये 'सांकोफा'ची दुरुस्त केलेली प्रत बाहेर काढली.

सिनेमा काढणारे कधीच कमी नव्हते. तो लोकांपर्यंत नेणारा रस्ता बंद होता, म्हणून त्यांनी आपला रस्ता पाडला. महोत्सव म्हणजे तो रस्ता. कोपऱ्यातले भाऊ, तुमच्या न्यू जर्सीतच बघा, नेवार्कचा ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल 1974 पासून तिथल्या संग्रहालयात चालतोय. या प्रकारचा देशातला सर्वांत दीर्घकाळ चाललेला म्हणून त्याची ओळख आहे.

शंकेखोर

मुद्दा पोचला. पण एक टोचणी राहते. असे महोत्सव भरले की मोठी थिएटरं म्हणायला मोकळी, "त्यांचं त्यांचं आहे ना तिकडे."

बूथवाली

म्हणतात की. म्हणून 'द वॉटरमेलन वुमन', 'डॉटर्स ऑफ द डस्ट' असे कृष्णवर्णीय दिग्दर्शिकांचे सिनेमे वर्षभर इतर कार्यक्रमांतही लागायला हवेत, फक्त फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात नाही. यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

कोपऱ्यातला

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. मी 'किलर ऑफ शीप' सुचवला, बाईंनी तो पाहिलेला होता, अर्थातच. मग कॉलिन्स यांची हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "प्राध्यापक बाईचा सिनेमा? तोच लाव. माझ्या वयात थकलेला कामगार मी पुष्कळ पाहिलाय, विचार करणारी बाई पडद्यावर किती वेळा पाहिली?" विषय संपला. आधी 'आय ॲम समबडी', मग 'लूझिंग ग्राउंड'. वितरकांना ईमेल गेलेत. एकाचं उत्तर आलंय, आकडा आवाक्यात आहे.

मिशोचंही नाव निघालं. चर्चचा पियानोवादक म्हणाला, मूकपटाला साथ करायला मी एका पायावर तयार. तेवढ्याने पुढच्या वर्षीचा शुक्रवारसुद्धा माझ्या नावावर लिहिला गेला.

दोन शंका उरल्यात. लायब्ररीचा प्रोजेक्टर नवा आहे, रुंद पडद्याचा. जुन्या सिनेमाला चालेल ना? आणि चर्चेत एखाद्याने माइक सोडलाच नाही तर?

बूथवाली

बाईंना माझा नमस्कार सांगा. माझी निवड मोडली त्याचा अजिबात राग नाही, त्यांचं कारण माझ्यापेक्षा सरस आहे. पियानोवाल्यालाही हो म्हणून टाका. 'विदिन अवर गेट्स'चे अमेरिकेतले हक्क कधीच संपलेत, मात्र दुरुस्त प्रतींना जोडलेलं नवं संगीत कोणाच्या तरी मालकीचं असतं. तुमचं संगीत तुमचंच असेल तर ती कटकटच नाही. त्यात जमावाने माणसं मारल्याचा प्रसंग आहे, तेव्हा तो रविवारी कुटुंबांसमोर नको.

प्रोजेक्टर चालेल, पण सेटिंग बघा. 'लूझिंग ग्राउंड' 16 मिमीवर काढलेला आहे, चित्र जवळपास चौकोनी. नवे प्रोजेक्टर ते आपणहून ताणून पडदा भरतात आणि सगळी माणसं बुटकी, रुंद दिसायला लागतात. एका ठिकाणी (नाव नको) असाच ताणलेला सिनेमा अर्धा तास चालला, दिग्दर्शिका तिसऱ्या रांगेत बसलेली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. कोणी येऊन म्हणेल पडदा रिकामा राहतोय, त्याला चहा द्या आणि सेटिंगला हात लावू देऊ नका.

गुरुवारी दोन्ही फाइली हॉलमधल्याच यंत्रावर, हॉलच्याच स्पीकरवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवा. पाच मिनिटं बघून "चालतंय" म्हणायचं नाही. वितरकाकडे कॅप्शनवाली प्रत मागा आणि कॅप्शन्स चालूच ठेवा. ऐंशीच्या घरातले प्रेक्षक येणार आहेत, मागून कोणी सांगणार नाही की ऐकू येत नाही.

माइक कोणाच्या हातात देऊ नका. तुम्ही धरा, समोरच्याने बोलावं. दीड मिनिटात प्रश्न आला नाही तर ते मनोगत आहे असं समजून माइक हळूच पुढच्या खुर्चीकडे न्यायचा. आणि पहिला प्रश्न बाईंनीच विचारावा, असं त्यांना आधी सांगून ठेवा.